साय मोडली

गिस्लेनने पिंपाचं बूच काढलं, वास घेतला आणि रविवारच्या भर दुपारी तिच्या तोंडून अशी शिवी बाहेर पडली की ती ऐकून पाद्रीबाबांनी तिला महिनाभर देवळाची पायरी चढू दिली नसती. अक्रोडाचा वास गेला होता. तिने बॅटरी मारली. वाइन थेट तोंडापर्यंत, काठोकाठ. वरची साय फाटून तिच्या चिंध्या तरंगत होत्या.

जुराच्या डोंगरात कुणालाही झोपेतून उठवून विचारा. पिवळ्या वाइनचं पिंप एकदा सावान्याँ द्राक्षांच्या वाइनने भरलं की त्याला हात लावायचा नाही. माळ्यावर ठेवायचं, उन्हाळ्यात तापू द्यायचं, थंडीत गारठू द्यायचं. वाइन उडते तेवढी उडू द्यायची. रिकाम्या जागेत वर यीस्टची पातळ साय धरते आणि त्या सायीखाली वाइन सहा वर्षं मुरते, तिला अक्रोडाचा वास चढतो. बाकीच्या फ्रान्सात पिंप जरा उतरलं की वरून भर घालतात. इथे भर घातली की साय मोडली, कारभार आटोपला.

आणि हे पिंप साधंसुधं नव्हतं. गिस्लेनच्या नवऱ्याने, फेर्नाँने, शेवटच्या सुगीत भरलेलं. ते माळ्यावर चढलं आणि त्याच हिवाळ्यात फेर्नाँ गेला. त्याला आता पाच वर्षं झाली होती. येत्या हिवाळ्यात सहा पुरी झाली की ते उघडायचं, पहिला पेला त्याच्या खुर्चीपुढे ठेवायचा, एवढीच एक गोष्ट ती मनात धरून बसली होती.

ती दाणदाण जिना उतरली. स्वयंपाकघरात सून, क्लारिस, कोंबडीच्या रश्शात दुधाची साय ढवळत होती. रानातल्या अळंब्या, पिवळ्या वाइनच्या जुन्या बाटलीतला शेवटचा घोट, सगळं घातलेलं. मुलगा बाप्तिस्त टेबलाशी कोंते चीजचे काप करत होता.

"माळ्यावरच्या पिंपात भर कुणी घातली?"

क्लारिसचा चेहरा फुलला. "मीच, आई! किती उतरलं होतं हो ते! टाकीतली गेल्या वर्षीची ताजी वाइन बादल्यांनी वर नेली. पाठीचा पार भुगा झाला. पण आता बघा, कसं भरलंय!"

गिस्लेनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भरलंय? अगं बये, मातेरं केलंस! पाच वर्षं मी त्या पिंपाजवळ शिंकलेसुद्धा नाही, आणि तू बादल्या ओतल्यास? तुझ्या माहेरी बर्गंडीत घाल की भर! पिंपं भर, विहिरी भर, नद्या भर! माझ्या घरात कशाला हात लावलास?"

"आई, आमच्याकडे..." क्लारिसने डाव खाली ठेवला. "आमच्याकडे पिंप उतरलेलं दिसलं तर लोक म्हणतात, या घरात कुणाचं लक्ष नाही. मला वाटलं, बाबा गेल्यावर तुमच्याच्याने वर जाववत नसेल. म्हणून..."

"म्हणून माझ्या नवऱ्याची वाइन बुडवलीस!"

"आई, कोंबडी खाली लागेल," बाप्तिस्त पुटपुटला.

"लागू दे!"

क्लारिस रडायला लागली. पण रडतारडता तिने मान वर केली. "मी विचारल्याशिवाय नाही केलं. बाप्तिस्तला विचारलं होतं. तो म्हणाला, भर बिनधास्त."

सुरी थांबली. गिस्लेनने मुलाकडे पाहिलं. याच माळ्याखाली वाढलेला पोरगा. पिंपाजवळ पळालास तर साय हलेल म्हणून सहाव्या वर्षी बापाच्या हातची चपराक खाल्लेला.

"तू म्हणालास?"

"आई, ऐक तरी. सहा वर्षं कोण थांबतं आता? लोकांना हलकी, ताजी वाइन हवी असते. तुला नुसतं सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का? म्हटलं, आता साय मोडलीच तर येत्या उन्हाळ्यात बाटल्या भरून विकता येईल..."

"आणि इतका वेळ मी हिला फाडून खात होते, तेव्हा चीज कापत बसलास? मूग गिळून? खापर बायकोच्या डोक्यावर फुटू दिलंस?"

क्लारिसही आता त्याच्याकडेच बघत होती, आणि तिचं रडणं थांबलं होतं.

"हिला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं, मेल्या! किल्ली काढ."

त्याने माळ्याची किल्ली टेबलावर ठेवली. गिस्लेनने ती उचलली आणि सुनेच्या ॲप्रनच्या खिशात कोंबली. "वर आणखी दोन पिंपं आहेत. कितीही उतरू देत, हात लावायचा नाही. मी दाखवीन तुला."

"आणि हा परत 'भर' म्हणाला तर?"

"तर बादली याच्याच डोक्यावर ओत."

मग ती पुन्हा वर गेली आणि त्या पिंपातून नळीने काढलेला पेला घेऊन खाली आली. बाप्तिस्तपुढे आदळला. "पी."

त्याने घोट घेतला. जरा थांबला, मग पुन्हा घेतला. त्याचे डोळे किंचित उजळले.

"आई, खरंच सांगतो, चांगली आहे."

"चांगलीच असणार," गिस्लेन फेर्नाँच्या खुर्चीकडे बघत म्हणाली. "चांगली तर कुठल्याही दुकानात मिळते. मला तुझ्या बापाची हवी होती रे."