एकतीस शब्द

"एकतीस शब्द जास्त होतायत गं," मी म्हटले.

माहनूर माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून स्क्रीनवर वाकली. "म्हणजे काय होईल?"

"पाचशेच्या पुढचं कॉलेजवाल्यांना दिसणारच नाही. आणि तिसऱ्या पानावर दोन ओळी सांडल्यात. पानं दोनच हवीत."

"आंटी, पाच वाजता फॉर्म बंद होतोय! हे गेलं नाही तर स्कॉलरशिप गेली, आणि स्कॉलरशिप गेली की अब्बू पाठवणारच नाहीत."

घड्याळात पावणेचार वाजले होते.

कचेरीतून निवृत्त होऊन मला दहा वर्षे झाली. अडतीस वर्षे टायपिस्ट होते. आता परदेशातल्या कॉलेजांत अर्ज करणारी मुले येतात, खालच्या मजल्यावरचा क्लासवाला पाठवतो. निबंध त्यांचा, मांडणी माझी. चहूबाजूंनी एक इंच समास, बारा पॉइंटाची अक्षरे, दोन ओळींत दुप्पट अंतर, उजव्या कोपऱ्यात पानाचा आकडा. मजकुराला हात लावायचा नाही, हा माझा नियम. आमचे काशीराम मास्तर म्हणायचे, टायपिस्टने कागद उमटवायचा असतो, वाचायचा नसतो. मुले आपली आयुष्ये माझ्या टेबलावर ठेवून मोबाइल बघत बसतात, आणि मी त्यांच्या ओळी सरळ करते. महिनाभरात माझ्याशी कोणी बोलले तर बहुतेक समासाविषयीच.

"असं करा ना," माहनूर म्हणाली, "नानीच्या हातांबद्दल लिहिलंय ना, तेवढं उडवा. सर म्हणालेच होते, टू मच डिस्क्रिप्शन. एकदम काम होईल."

उडवण्यासाठी म्हणून मी तो भाग निवडला, आणि निवडताना वाचला. इंग्रजी साधे, सरळ होते. शेवटची तीन वर्षे नानी बोलत नव्हती. तिची बोटे मात्र पांघरुणावर दिवसभर हलत. मधेच ती डावा हात उचलून हवेत काहीतरी ढकलून द्यायची. अम्मी म्हणायची, मौतीच्या फरिश्त्याला परत पाठवतेय. डॉक्टर म्हणाले, कंप आहे. नानीचे हात काय सांगत होते हे कोणालाच कळले नाही. ते कळावे म्हणून मला मेंदूचा अभ्यास करायचा आहे.

"कुठली बोटं?" मी विचारले.

"काय?"

"नानीची. कशी हलायची? दाखव बघू."

"आंटी, टाइम नाहीये..." असे म्हणत तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. डावी करंगळी, अनामिका, मधले बोट, तर्जनी. तर्जनी जराशी आत सरकली आणि पुन्हा जागेवर आली. मग अंगठ्याचा एक ठोका. मग उजवा हात, तसाच, करंगळीपासून.

"दिवसभर हेच. अम्मीने तर झाडफूंकपण केली."

मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"नाव काय होतं नानीचं?"

"गुलशन. का?"

"असंच. पनवेलच्याच होत्या?"

"माहेर इथलं, मोहल्ल्यातलं. लग्न होऊन उरणला गेली, मग कुवेत. नाना वारल्यावर आमच्याकडे आली. पाच वर्षं होती नवीन पनवेलला."

माझ्या गॅलरीतून रेल्वेचा पूल दिसतो. नवीन पनवेल त्याच्या पलीकडे. दर गुरुवारी मी तो पूल ओलांडून पुस्तक बदलायला जाते.

काशीराम मास्तरांच्या टायपिंग क्लासात सहा मशिने होती. खिडकीजवळच्या मशिनवर गुलशन, शेजारी मी. पहिला धडा ए एस डी एफ जी एफ. 'जी'साठी तर्जनी आत न्यायची आणि परत आणायची. मास्तर कळांवर फडके टाकत आणि महिनाभर तेवढेच बडवून घेत. ओळ संपत आली की मशिनची घंटी वाजे, मग डाव्या हाताने दांडी ढकलून नवी ओळ घ्यायची. गुलशनची घंटी नेहमी माझ्या आधी वाजायची. "कुमुद, टायपिंग करतेस की तांदूळ निवडतेस?" ती विचारायची, आणि मास्तरही हसायचे.

सरकारी परीक्षेला आठवडा उरला असताना तिचे येणे थांबले. निकाह ठरला होता. तिने धाकट्या बहिणीबरोबर निरोप पाठवला: अब्बांना समजाव, तुझं ते ऐकतील, तेवढी परीक्षा देऊ द्या म्हणावं. मी निघाले. मोहल्ल्याच्या तोंडाशी बांगडीवाल्याचे दुकान होते, तिथपर्यंत गेले आणि परत फिरले. उद्या जाऊ म्हटले. कचेरीत टायपिस्टची एकच जागा निघाली होती, आणि ते मला ठाऊक होते.

"आंटी? उडवू?"

"नाही," मी म्हटले. "ते राहू दे. दुसरीकडे बघू."

पन्नास वर्षांत मी पहिल्यांदाच दुसऱ्याच्या मजकुराला हात लावला. 'खूप' पाच वेळा होते, पाचही काढले.

"हा चौथीतला चित्रकलेचा नंबर हवाय?"

"नको! तो अम्मीने घुसडलाय."

"आणि हे दोनदा आभार?"

"एक सरांसाठी आहे."

"सरांचे पेढे देऊन मान."

ती पहिल्यांदा हसली. हसताना हनुवटी वर उचलायची तिची लकब मी कुठे पाहिली होती ते आता मला विचारायला नको होते.

बरोबर पाचशे शब्द झाले. दुसऱ्या पानाची शेवटची ओळ हातांची होती. समास पुन्हा मोजले, फाइल तयार केली. चार चाळीसला तिने फॉर्म पाठवला, आणि स्क्रीनवर पोच आली तशी खुर्चीत बसून तोंड ओढणीत लपवले.

तोपर्यंत न सांगायला माझ्याकडे कारण होते. हात काय सांगत होते ते आधी सांगितले असते, तर तिच्या निबंधाचा पायच निघाला असता. चार चाळीसनंतर ते कारणही उरले नाही.

माहनूरने डोळे पुसले. "आंटी, तुम्ही नानीचं नाव का विचारलंत? ओळखत होता?"

सांगायचे तर सगळेच सांगावे लागले असते. बांगडीवाल्याचे दुकानसुद्धा.

"एक गुलशन होती ओळखीची," मी म्हटले. "ती वेगळी."

"हो, मोहल्ल्यात खूप गुलशन आहेत." खाली स्कूटरचा हॉर्न वाजला. "अब्बू आले. आंटी, ॲडमिशन झाली ना, तर सगळ्यात आधी तुम्हाला सांगणार!"

दोन-दोन पायऱ्या उतरत ती गेली. मी गॅलरीत उभी राहिले. स्कूटर पुलाच्या दिशेने वळली.

मग आत येऊन कॉम्प्युटर बंद केला. कीबोर्ड बाजूला सारला आणि रिकाम्या टेबलावर हात ठेवले. करंगळी, अनामिका, मधले बोट, तर्जनी. तर्जनी आत, आणि परत. अंगठा. मग उजवा हात. बोटे काहीही विसरली नव्हती. एक ओळ झाली. घंटी वाजली नाही, तरी डावा हात आपोआप उचलला गेला आणि त्याने हवेत दांडी ढकलली. मी दुसरी ओळ सुरू केली.

घरात बघायला कोणी असते, तर त्यानेही डॉक्टरला बोलावले असते.