पाचवं शील

लहूने डोळे मिटून बिअरचा स्टीलचा ग्लास नाकाशी नेला, हुंगला आणि जसाच्या तसा ओट्यावर ठेवला.

"ही ब्लाँ."

"रोझे आहे," सुजाता म्हणाली. "तिसऱ्यांदा चुकलास."

"मग इतिहास विचार ना! सोळाशे चौसष्ट, स्ट्रासबर्ग, जेरोम हॅट. सारखे पूर येतात म्हणून अठराशे पन्नासला ब्रुअरी उंचावर, क्रोनेनबर्गला. एकोणीसशे बावन्नला १६६४ नावाची बिअर, दोन हजार सहाला ब्लाँ."

"सनावळ्या तोंडपाठ आहेत रे. चव विचारली तर काय सांगशील? एक घोट घे आणि थुंकून टाक."

"जिभेला लागली की लागलीच," लहू म्हणाला. हे म्हणताना त्याची मान जरा ताठच झाली.

दोघांनीही जन्मात दारूला स्पर्श केला नव्हता. दर रविवारी वंदनेला दोघं शेजारी बसून पंचशील घेत. पण लहूची कंपनी बंद पडली आणि तिच्याशी बांधलेल्या व्हिसाचे आता पाच आठवडे उरले होते. त्यानंतर नववीतल्या लेकीला, आरुषीला घेऊन बिऱ्हाड उचलायचं आणि मायदेशी परतायचं. दोन महिन्यांत मुलाखतीचं बोलावणं एकच आलं होतं, तेही ईस्ट टामाकीतल्या बिअर आयात करणाऱ्या कंपनीचं. विकणं म्हणजे पिणं नव्हे, अशी लहूने स्वतःची समजूत घातली होती. समजूत घालण्यात तो हुशार होता.

आरुषीला शाळेत सोडून तो परतला तेव्हा ओटा लख्ख पुसलेला होता आणि सुजाता त्या सकाळी दुसऱ्यांदा दात घासत होती. टेबलावर तिच्या अक्षरातला कागद होता. ब्लाँ: संत्र्याची साल, मागून ओले धणे. रोझे: रास्पबेरी, पण सरबतासारखी गोड नाही. साधी: आधी पावासारखी, मग घशात मेथीच्या भाजीचा कडवटपणा.

"इंटरनेटवर मिळालं?" त्याने विचारलं.

"पाठ कर. अकराला निघायचंय," ती आतूनच म्हणाली.

मुलाखतीत तो कागद कामाला आला. मेथीचं ऐकून मॅनेजरबाई हसली.

"हे आमच्या ब्रोशरमध्ये नाही. कुठून आणलंस?"

"बायकोने शोधून दिलं."

बाईने ग्लास भरून पुढे सरकवला. लहूने हात जोडून नको म्हटलं. "नो वरीज," म्हणत तिने तो बाजूला ठेवला. तिचं खरंच काही अडलं नव्हतं. अडलं ते पुढच्या प्रश्नावर. व्हिसाचे पाच आठवडे ऐकताच तिने पेन खाली ठेवलं. कागदपत्रांना महिने लागतात, त्यांना माणूस सोमवारपासून हवा होता.

"आय ॲम सो सॉरी, लहू. यू वर रिअली गुड."

गाडीत बसल्यावर त्याला रडू आलं. आता कुठलंच दार उरलं नव्हतं. तरी निदान शील राखलं, एवढं एक त्याने घट्ट धरून ठेवलं. सुजाताला त्याने तेच सांगितलं, थोडं फुशारकीनेच. ती भात लावायला गेली.

रविवारी पुकेकोहे गावी, शीलं देणाऱ्या धम्मदीनाताईंच्या गॅरेजमध्ये वंदना होती. पंधरा-वीस माणसं सतरंजीवर बसली. ताई सांगत गेल्या, सगळे मागून म्हणत गेले. चार शीलं झाली. पाचवं, दारू वर्ज्य करणारं, आलं तसा लहूचा आवाज आपोआप चढला. घर, नोकरी, देश, सगळं जाणार होतं, एवढं मात्र त्याचं होतं.

"सुरामेरयमज्ज पमादट्ठाना..."

आणि मग त्याच्या लक्षात आलं की शेजारचा आवाज येत नाहीये. सुजाताचे हात जोडलेले होते, ओठ मिटलेले होते, नजर सतरंजीवर होती.

आरुषीने आईला कोपराने ढोसलं. "मम, यू स्टॉप्ड."

सुजाताने मान वर केली नाही. लहूकडेही पाहिलं नाही.

लहूचा आवाज शेवटच्या शब्दाआधीच थांबला. बाकीच्यांनी ते शील त्या दोघांवाचून पुरं केलं.