डावी बाजू

कॅपवालीनं प्लास्टरचे दात डब्यातून बाहेर काढले आणि चिठ्ठीवरचं नाव वाचायच्या आधीच ओळखले. वरच्या उजव्या दाढेची कॅप तिनंच केलेली होती, अकरा वर्षांपूर्वी, शिकाऊ असताना. मालकाच्या तोंडात बसणार म्हणून तीन दिवस जीव ओतून केलेली. हे तोंड मास्तरांचं होतं.

मास्तर म्हणजे तिचे पहिले मालक. त्यांची दातांची लॅब होती. डॉक्टरांनी पेशंटचं माप पाठवायचं, इथे कॅपा, ब्रिज, कवळ्या करून द्यायच्या. सहा वर्षांपूर्वी मास्तरांनी एक ब्रिज घासता घासता स्वतःच्या हातानं बिघडवला आणि ज्या दवाखान्याचा तो होता तिथले चार डॉक्टर जाब विचारायला आले तेव्हा बोट हिच्याकडे केलं. "हिचा हातच वाकडा आहे," एवढंच म्हणाले आणि तिला घरी बसवलं. खरं सांगा म्हणून तिनं दातांच्या कण्या केल्या. मास्तरांनी मान वर केली नाही. पुढची दोन वर्षं ती जिथे जाईल तिथे तिच्या वाकड्या हाताची बातमी आधीच पोचलेली असायची. शेवटी तिनं घराच्या मागच्या खोलीत कॅपा घासायची स्वतःची मोटर मांडली. त्या चार डॉक्टरांपैकी एका डॉक्टरीणबाईंनी भीतभीत एक कॅप करायला दिली, वर्षभर प्रत्येक काम तीनतीनदा तपासलं, आणि आता त्या तपासायच्याही नाहीत. तिचं काम आलं की सरळ पेशंटच्या तोंडात. एवढा विश्वास कमवायला तिची चार वर्षं गेली होती.

पण मनातला डूख काही गेला नव्हता. ती झोपेत करकरा दात खायची. नणंद शेजारच्या खोलीतून म्हणायची, वहिनी, भिंतीपलीकडे कुणी खडी दळतंय असं वाटतं. डॉक्टरीणबाईंनी तोंड बघितलं तर दाढांची टोकं सपाट झालेली आणि गालाचा स्नायू दगडासारखा. त्यांनी समजावलं की ताण आहे, राग आहे, पण सवयही आहे. दिवसा ओठ मिटलेले असू देत, दात मात्र सुटे हवेत. नजर जाईल तिथे लाल ठिपके चिकटवा. ठिपका दिसला की जबडा सैल सोडा. आणि झोपताना नाइट गार्ड, म्हणजे दातांवर बसणारं कवच, घाला. त्यानं दात खाणं थांबेलच असं नाही, पण दात तरी वाचतील.

मग कॅपवालीनं दिव्याला, मोटरला, नळाला, फोनला ठिपके लावले. फळीवर तिच्या स्वतःच्या दातांचा साचा होता, गार्ड करायचा म्हणून ठेवलेला. त्यालाही एक लावला आणि विसरून गेली.

त्याच आठवड्यात हे मास्तरांचे दात आले. चिठ्ठीत लिहिलं होतं: दात खातात, नाइट गार्ड. त्यांच्या दाढा तिच्यापेक्षाही झिजलेल्या होत्या. ते बघून तिला जो आनंद झाला तो लिहायला लाज वाटावी असा होता.

गार्ड सगळीकडे सारखा टेकावा लागतो. एक बाजू नखभर उंच राहिली तर रात्रभर सगळा भार तिथेच येतो आणि सकाळी कानापासून कपाळापर्यंत ठणका लागतो. मास्तरांची डावी बाजू उंच करायची, असं तिनं ठरवून टाकलं. डॉक्टरीणबाई तपासणार नव्हत्याच. इतर साच्यांत गफलत नको म्हणून तिनं मास्तरांच्या साच्यालाही लाल ठिपका लावला.

दुसऱ्या दिवशी गार्ड तयार झाले, मास्तरांचा आणि तिचा. ती दातओठ खात आली, ठिपका बघितला, साचा उचलला आणि त्यावरच्या गार्डवर डावीकडे एक थर चढवला. दाढ बघून माणूस ओळखणाऱ्या बाईनं त्या दिवशी दाढेकडे बघितलंच नाही. नणंदेनं चिठ्ठीवरचं नाव बघून एक गार्ड दवाखान्यात पाठवला, दुसरा वहिनीच्या उशाशी ठेवला.

पहिल्याच सकाळी कॅपवालीचा डावा कान ठणकायला लागला. नवीन आहे, बसेल हळूहळू, असं तिला वाटलं. चौथ्या दिवशी घास चावता येईना. तरी ती खूश होती. माझ्या सरळ गार्डनं एवढं दुखतंय, तर मास्तरांना दिवसा तारे दिसत असतील! नणंद म्हणाली, गाल सुजलाय आणि हसताय काय?

नवव्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. पेशंट कित्येक वर्षांनी शांत झोपले, एक जास्तीचा गार्ड हवाय म्हणतात, माझी मदतनीस नाही, उद्या ताजं माप घेताना हाताशी तुम्हीच या. कॅपवालीनं फोन ठेवला आणि स्वतःचा गार्ड घालून, दात कुठे टेकतात ते दाखवणाऱ्या निळ्या कागदावर चावलं. डाग उमटले ते फक्त डावीकडे. नऊ दिवस स्वतःच्या जबड्याचे हाल केले आणि वैऱ्याला सुखानं झोपवलं, तेही उत्तम कारागिरीनं! मग तिनं तो थर घासून काढला.

दुसऱ्या दिवशी मास्तर खुर्चीवर रेलले होते. डॉक्टरीणबाईंनी मापाचा मसाला भरलेला ट्रे त्यांच्या तोंडात बसवला आणि कॅपवालीला धरायला सांगितला. मसाला घट्ट होईस्तोवर तीन मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही. मास्तरांनी डोळे वर केले आणि तिला ओळखलं.

"तो ब्रिज तुम्ही घासला होता, मास्तर," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बोट माझ्याकडे केलंत तेव्हा या बाई समोरच होत्या. ज्या हाताला वाकडा म्हणालात, त्यानं केलेला गार्ड घालून तुम्ही नऊ रात्री झोपलात. मी खोटं बोलत असेन तर ट्रे काढा आणि सांगा. माप बिघडेल, एवढंच."

डॉक्टरीणबाई मास्तरांकडे बघत उभ्या राहिल्या. मास्तरांचे हात खुर्चीच्या दांड्यांवरून हलले नाहीत. तीन मिनिटं झाली. ट्रे निघाला तेव्हा माप इतकं स्वच्छ आलं होतं की एक रेघ सरकलेली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ते उजेडात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "मास्तर, बाकीच्या तिघा डॉक्टरांना तुम्ही सांगणार की मी सांगू?"

मास्तरांनी हनुवटी पुसली. सांगतो म्हणाले. मग त्यांनी हळूच विचारलं, नवा गार्ड कोण करणार.

"मीच की," कॅपवाली म्हणाली. "डावी बाजू नखभर उंच राहिली ना, तर माणसाला जगणं नकोसं होतं. मला चांगलं माहीत आहे."

गार्ड तिनं अगदी सरळ केला. पण मास्तर तो घालण्याआधी रोज डावीकडून तीनतीनदा बोट फिरवून बघतात, असं डॉक्टरीणबाई सांगतात. फिरवू देत.