तीर्थ आणि सुई

इथिओपियातल्या गोंडर शहरी मारियमच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, देवळात त्सेगाव गुरुजी स्तोत्र गायला उभे राहिले की ऐकणाऱ्याचं निम्मं दुःख तिथेच उतरतं, असं त्यांच्या बायकोला, येशीला, नेहमी वाटे. गुरुजींना मधुमेह होता, रोज इन्सुलिनची सुई. कान ठणकायला लागला तसे ते देवळामागच्या झऱ्यावर तीर्थ घ्यायला जाऊ लागले. रोज सकाळी गार पाणी डोक्यावर ओतून घ्यायचं, सात दिवसांचा एक फेरा. तीर्थ घेणाऱ्यानं औषधाला शिवू नये, असं तिथे बरेच जण मानतात. गुरुजींनी सुई ठेवून दिली.

चौथ्या फेऱ्यात कानातून पू आला, तोंड वाकडं झालं, आणि एका सकाळी उजवा डोळा सुजून पुढे आला.

“येशी, दोन-दोन दिसतेस.”

“एकीचं ऐकत नाही तुम्ही, दोघींचं काय ऐकणार?” म्हणत तिनं शाल ओढली आणि देवळातले धर्मगुरू अब्बा वोल्दे यांना घेऊन आली. गुरुजींची पापकबुली ऐकणारे तेच, झऱ्यावर पाणी ओतणारेही तेच. त्यांच्या शब्दाबाहेर गुरुजी गेले नसते.

“सुई कधी सोडलीस?”

“पहिल्याच दिवशी. विश्वास ठेवायचा तर पुरता.”

“मला विचारलंस?”

“त्यात काय विचारायचं, अब्बा? सगळेच सोडतात.”

अब्बांनी वाकून त्यांचा कान पाहिला. “आणि मी रोज त्या दुखऱ्या कानावर पाणी ओतत होतो. मीही विचारलं नाही.” मग म्हणाले, “आता ओतणं बंद. तीर्थ घोटभर प्यायचं, सुई घ्यायची आणि आत्ताच्या आत्ता इस्पितळात जायचं. हे प्रायश्चित्त समज.”

“माझं पाप कोणतं?”

“देवानं कुठल्या वाटेनं यावं, ते तू ठरवलंस.”

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कानातला जंतू हाड पोखरत डोळ्यामागे पोचलाय; सहा आठवडे शिरेतून औषध द्यावं लागेल, जीव वाचेल, डोळ्याचं काही सांगता येत नाही. येशी रोज मारियमला हात जोडत राहिली.

जीव राहिला. उजव्या डोळ्याची नजर गेली.

घरी आल्यावर गुरुजी येशीचा हात धरून झऱ्यावर गेले. रांगेतल्या प्रत्येकाला अब्बा विचारत होते, साखर आहे का, कान दुखतो का. एक आजी अडून बसली होती, “तीर्थ घेतेय ना, मग सुई कशाला?”

“आजी,” गुरुजी तिच्याशेजारी दगडावर टेकले, “माझ्याकडे जरा नीट बघा.”