पर्यावरणमंत्र्यांचा निबंध

आमच्या शाळेत बाल मंत्रिमंडळ आहे. मुख्यमंत्री चौथीतला, बाकीची खाती तिसरी-चौथीत वाटून दिलेली. आरोग्यमंत्री सगळ्यांची नखं तपासतो, अर्थमंत्र्याला काहीच काम नसल्यामुळे तो फळा पुसतो आणि पर्यावरणमंत्री व्हरांड्यातल्या झाडांना पाणी घालतो. पाचपावलीच्या दाट वस्तीतल्या दोन मजली शाळेत झाडं म्हणजे रंगाच्या रिकाम्या बादल्यांमधली तुळस, कोरफड, दोन जास्वंदी आणि बादली फोडून बाहेर यायच्या बेतात असलेला एक कडुलिंब. यंदा हे खातं माझ्या तिसरीतल्या भैरवीकडे होतं. तिच्याइतकं मनावर घेऊन खातं चालवलेला मंत्री मी तरी पाहिलेला नाही.

नियम मीच घालून दिला होता. पान मलूल दिसलं की पाणी घालायचं, कुणाला विचारत बसायचं नाही. विचारायचं नाही हे अशासाठी की दर दहा मिनिटांनी 'मॅडम, पाणी घालू का' ऐकून माझं डोकं उठत होतं. मी तापट आहे, हे मला माहीत आहे आणि मुलांनाही माहीत आहे. भैरवीने तो नियम तिच्या आईकडच्या नियमाशी जोडून टाकला. तिची आई अंजू धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया आहे. "मॅडम, माझी आई म्हणते, पेशंट पाणी मागत नाही, आपणच पाह्यचं आणि पाजायचं," असं तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी 'शाब्बास' म्हणाले आणि हजेरी घ्यायला लागले.

वसंत पंचमीला मुलं पिवळे कपडे घालून आली, पतंग कापले, पिवळ्या कागदाची फुलं खिडकीला चिकटवली. पण कागदी फुलांवर वसंत ऋतूचा धडा उरकायचा, हे मला पटेना. म्हणून मी सहलीचं काढलं. ओमप्रकाश सर, आमचे मुख्याध्यापक, सहल या शब्दालाच घाबरतात. बसचा विमा, पालकांची संमतीपत्रं, प्रथमोपचार पेटी, सगळं माझ्याकडून दोनदा तपासून घेतलं आणि वर म्हणाले, "मॅडम, काही झालं तर पुढच्या वर्षीपासून सहल बंद, सांगून ठेवतो."

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी आम्ही सावनेरजवळच्या एका गावी मनोहररावांच्या संत्र्याच्या बगीच्यात गेलो. चौतीस मुलं, मी आणि एक मावशी. मनोहरराव साठीचे, पांढरा सदरा, बोलण्याची हौस असलेला माणूस. त्यांचा सालदार लहानू मात्र दिवसभरात दहा शब्द बोलला असेल. सालदार म्हणजे पाडव्याला वर्षभराच्या करारावर ठेवलेला गडी. लहानू बारा पाडवे त्याच बगीच्यात होता.

मी मुलांना तक्ता दिला होता. पान, कीटक, फूल, फळ, प्रत्येकाचं चित्र काढा. फूल आणि फळ या चौकटी रिकाम्याच राहिल्या, कारण झाडांवर ना फूल होतं ना फळ. पानं कडेने वळलेली, फिकट, मलूल दिसत होती. मनोहरराव सांगायला लागले, "डिसेंबरात अवकाळी पडला नं मॅडम, म्हनून यंदा तान उशिरा दिला. झाडाले पानी तोडलं की—"

"ते पाचवीला आहे," मी म्हणाले. "तिसरीच्या मुलांना जड जाईल."

आता ते वाक्य आठवलं की माझी मलाच लाज वाटते. जेवणाची वेळ झाली होती, मुलं डब्यांकडे बघत होती आणि मला पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकायचे होते. मनोहररावांनी बिचाऱ्यांनी आम्हाला जेवायची जागा दाखवली. विहिरीजवळ आंब्याखाली आम्ही डबे सोडले. मुलं जेवत होती आणि मी झाडाला टेकून, रेंज शोधत, फोटो पाठवत होते.

रविवारी दुपारी मनोहररावांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. बगीच्याच्या पाच ओळींमध्ये रात्रभर ठिबकचं पाणी चाललं होतं. त्या आठवड्यात शेतीची लाइन, म्हणजे वीज, रात्रीची होती, मोटर ऑटोवर लावलेली, लाइन आली की ती आपोआप सुरू होते. पाणी जायचं होतं पलीकडच्या गव्हाला, पण बगीच्याकडचा व्हॉल्व्ह कोणीतरी उघडा ठेवला होता.

मला कळेना, यात एवढं काय झालं. झाडांना पाणीच तर मिळालं. मग त्यांनी सांगितलं, जे मी शनिवारी सांगू दिलं नव्हतं. आंबिया बहारासाठी, म्हणजे वसंतातल्या फुलोऱ्यासाठी, झाडाचं पाणी महिना-सव्वा महिना तोडतात. पानं वळतात, झाड सुकल्यासारखं दिसतं, आणि मग पाणी सोडलं की ते फुलांनी भरतं. तो ताण मध्येच मोडला तर झाड नुसती पानं काढत बसतं. त्यांचा ताण अर्धाच झाला होता.

"मॅडम, तुमच्या पोट्ट्याईनं तर हात नाही लावला नं कुठी?" त्यांनी विचारलं.

एवढंच विचारलं होतं, तेही सरळ. पण माझ्या नाकावर राग ठेवलेलाच असतो. "माझी मुलं कशालाही हात लावत नाहीत," मी म्हणाले. "पूर्ण वेळ माझ्या नजरेसमोर होती."

"मंग झालं. मंग लहानूच विसरला असन," ते म्हणाले आणि फोन ठेवला. संध्याकाळी त्यांनी पुन्हा फोन करून कळवलं की लहानूला त्यांनी काढून टाकलं. पाडव्याला दीड महिना असताना. अधल्यामधल्या दिवसांत निघालेल्या सालदाराला कोणी ठेवत नाही, एवढं मलाही माहीत होतं. मला वाईट वाटलं, पण दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीचं वाटतं तेवढंच.

सोमवारी मुलांनी 'माझी सहल' हा निबंध लिहिला. ज्यांच्याकडे सहल जाते त्यांना सगळे निबंध दोऱ्याने बांधून, फाइल करून पाठवायचे, ही माझी जुनी पद्धत. मंगळवारी मधल्या सुट्टीत मी तपासायला बसले. तेहतीस जणांनी बसमध्ये काय खाल्लं ते लिहिलं होतं. चौतिसावा भैरवीचा होता.

'बगीच्यातील झाडे खूप तहानलेली होती. त्यांची पाने गुंडाळली होती. मी पर्यावरणमंत्री आहे. विहिरीजवळ पाइप होता. त्याला लाल दांडा होता. सगळे जेवत होते तेव्हा मी दांडा फिरवला. पण पाणी आलेच नाही. मला खूप वाईट वाटले. तेथील झाडांना कोणीतरी पाणी द्यावे ही विनंती.'

खाली सही होती, हुद्द्यासकट.

मी ते पुन्हा वाचलं. दुपारी लाइन नव्हती म्हणून पाणी आलं नाही, रात्री आलं. पोरीला पत्ताच नाही की तिचं पाणी पोचलं. आणि मी फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं की माझ्या नजरेसमोर होती.

मी तो कागद ओमप्रकाश सरांना दाखवला आणि लहानूचंही सांगितलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, काहून फालतूचा लोड घेऊन राहिल्या? पोट्टी लहान आहे. तिचं नाव येईल, शाळेचं येईल, सहल बंद होईल. तो माणूस कुठंतरी लागून जाईल कामाले. हे पान तेवढं फाइलमध्ये लावू नका."

मला हे ऐकून संताप यायला हवा होता. खरं सांगते, हायसं वाटलं. मी ते पान पर्समध्ये ठेवलं आणि दोन दिवस ते तिथेच होतं.

गुरुवारी मुलं फाइल बांधत होती. भैरवीने पानं मोजली. मग पुन्हा मोजली.

"मॅडम, माझा निबंध नाही यात."

"राहिला असेल," मी म्हणाले.

"मग त्यांना कसं कळेल झाडं तहानली आहेत म्हणून?"

सगळा वर्ग बघत होता. मी तिला ओरडले. 'जागेवर बस,' म्हणाले, उगाचच, मोठ्याने. ती बसली. रडली नाही. पण मधल्या सुट्टीत तिने व्हरांड्यातल्या जास्वंदीला पाणी घालण्याआधी माझ्याकडे येऊन विचारलं, "घालू का?" मी शिकवलेलं सगळं मीच एका वाक्यात पुसून टाकलं होतं. स्वतःचा इतका राग मला कधी आला नव्हता.

त्याच संध्याकाळी मी अंजूच्या घरी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती नुकतीच ड्युटीवरून आली होती. तिने ऐकून घेतलं, पोरीकडे बघितलं आणि म्हणाली, "मी येते सोबत. मले शनिवारी सुट्टी आहे."

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघी सावनेरच्या एसटीत बसलो. वाटेत मी भैरवीला सांगितलं की तिचं पाणी पोचलं होतं. ती एकदम खूश झाली. मग पुढचं सांगितलं, तशी ती गाव येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिली.

मनोहरराव अंगणात खाटेवर बसले होते. मी फाइल दिली, त्यात चौतिसावं पान सगळ्यांत वर लावलं होतं. त्यांनी ते वाचलं. मी तयारी करून आले होते, पण त्यांनी आवाज चढवला नाही, त्याने जास्त लागलं.

"मॅडम, तुमी तं म्हनल्या होत्या, नजरेसमोर होते."

"नव्हती," मी म्हणाले. "मी फोनवर फोटो पाठवत होते. तुम्हाला खोटं बोलले."

त्यांनी भैरवीला जवळ बोलावलं. "काहून फिरवला वं दांडा?"

"झाडांची पानं गुंडाळली होती. तुम्ही त्यांना पाणी का देत नव्हते?"

मनोहररावांनी माझ्याकडे पाहिलं. मग जे मी सहलीच्या दिवशी तोडलं होतं ते त्यांनी तिला पहिल्यापासून सांगितलं. तिने सगळं ऐकलं, मध्ये दोन प्रश्न विचारले. तिसरीला अजिबात जड गेलं नाही.

"मग ती पाच ओळीतली झाडं मरतील?"

"मरत नाही वं. मजेत राहतीन. फकस्त फुलं येनार नाही."

"पण त्यांना बरं वाटलं असेल नं?" ती म्हणाली. अंजूने तिचा हात दाबला. मनोहरराव हसले नाहीत, पण कपाळावरच्या आठ्या जरा सैल झाल्या. त्यांनी शेजारच्या माणसाला हाक मारून लहानूला बोलवायला धाडलं.

लहानू आला. आठवडाभर तो घरीच होता. खाटेजवळ न येता अंगणाच्या कडेलाच उभा राहिला. मनोहररावांनी त्याला सांगितलं, व्हॉल्व्ह या पोरीने उघडला होता, तुझी चूक नव्हती, उद्यापासून ये. मला वाटलं तो चिडेल, निदान माझ्यावर तरी. मी हात जोडून तयारच होते.

तो भैरवीसमोर उकिडवा बसला. "तू फिरवला? तो लाल दांडा?"

"हो काका."

"पक्कं? तूच?"

"हो. दोन्ही हातांनी. घट्ट होता."

"हो, घट्टच आहे तो," लहानू म्हणाला आणि त्याने डोळे पुसले. मग माझ्याकडे बघून, तक्रारीचा सूर अजिबात नसलेल्या आवाजात म्हणाला, "मले पुरं आठवत होतं बाई, म्या बंद केला होता. पन मालक म्हनले, मॅडमनं सांगतलं, पोट्ट्याईनं हात नाही लावला. शाळेतल्या बाई कायले खोटं बोलतीन? मंग म्हनलं, मलेच भूल पडून राह्यली. आता घराचं कुलूप लावलं तरी दोन-दोनदा वापस येऊन पाहतो."

मी त्याची माफी मागितली. 'असू द्या जी' म्हणाला, जसं काही मी त्याच्या पायावर पाय दिला होता. सहलीचं काय होईल, ओमप्रकाश सर काय म्हणतील, हे सगळं मी वाटेत घोकत आले होते, ते त्या अंगणात मला आठवलंही नाही. बारा वर्षं ज्या माणसाचा स्वतःच्या हातावर भरवसा होता, त्याचा भरवसा मी फोनवरच्या एका तोऱ्यात काढून घेतला होता.

निघताना भैरवीला तो पाइप पुन्हा बघायचा होता. लहानू आम्हाला विहिरीपर्यंत घेऊन आला. त्याने लाल दांडा दाबून बघितला, बंद होता. आम्ही वळलो. चार पावलांवर तो थांबला, मागे मान वळवायला लागला. मग भैरवीकडे बघून हसला आणि न बघताच आमच्यासोबत चालायला लागला.