तुरटीने गाळ जात नाही

मित्रांनो, निमोण्याच्या माळाखालची जुनी दगडी विहीर ती मीच. माझ्याकडून गोड गोष्टीची अपेक्षा असेल, तर आज सोडा. मी संतापले आहे.

तात्याबांनी मला बांधलं तेव्हापासून एक रीत होती. चैत्रात कांदा काढून झाला की इंजिन लावून माझं पाणी उपसायचं, गाळ काढायचा, पायऱ्यांवरचं शेवाळ घासायचं. मग तात्याबांचे दोस्त सत्तारमामा अनवाणी उतरून माझा सगळा तळ पायांनी चाचपायचे. त्यांनी हो म्हटल्याशिवाय पाणी चढल्यावरही कुणी उडी टाकायची नाही. उन्हाळाभर पोरंसोरं डुंबायची. माझ्या गार पाण्याचं काय कौतुक होतं तेव्हा!

तात्याबा गेले. त्यांच्या मुलाने, हौसरावाने, बोअर घेतली. झालं! तो माझ्याकडे ढुंकूनही बघेना. उलट मोटारीचा मोडका पाइप माझ्यातच ढकलून दिला आणि विसरून गेला. २००४ च्या उन्हाळ्यात त्याच्या लेकीने, प्रांजलने, पोहायचा हट्ट धरला. तेव्हा या शहाण्याने काय करावं? पाण्यात तुरटी फिरवली!

"हौसराव, आधी पाणी उपस. मला तळ बघू दे," सत्तारमामा म्हणाले.

"मामा, पानी बघा की, कसं निवळशंख हाय! आता गाळ कशाला काढायचा?"

अरे, तुरटीने गाळ जातो होय? तो नुसता खाली बसतो! प्रांजलने उडी मारली आणि तिचा पाय गाळातल्या पाइपात अडकला. मला हात असते तर मीच तिला वर फेकलं असतं. मामांचे गुडघे धरलेले, तरी त्यांनी कपड्यांसकट उडी घेतली आणि तिला ओढून काढलं. पोर वाचली, पण पोटरी फाटली.

आणि हौसराव काय म्हणाला? "ही इहीरच वंगाळ हाय. बुजवूनच टाकतो."

आठवड्याने त्याने मुरमाची ट्रॉली काठावर आणून उभी केली. माझा नुसता संताप संताप झाला. चूक याची आणि माती माझ्या तोंडात!

तेवढ्यात प्रांजल लंगडत आली. "आप्पा, त्यो पाइप तुमीच टाकला व्हता ना? मंग इहिरीवर कशापायी राग काढताय?"

हौसरावाची मान खाली गेली. ट्रॉली परत गेली, इंजिन आलं. गाळात उतरून तो पाइप त्यानेच बाहेर काढला.

मी अजून त्याला माफ केलेलं नाही. मित्रांनो, पोहायला जरूर या. पण येताना घमेलं घेऊन या. आधी गाळ, मग उडी.