दादाच्या विमानात बसेना तो दादाच

दादाने विमान बनवायचं ठरवलं तेव्हा घरात कुणीच घाबरलं नाही. याआधी त्याने बुटांचं कपाट बनवलं होतं. त्यात अजून एकही बूट मावलेला नाही. तेव्हा विमान उडेल अशी भीती बाळगायचं काही कारण नव्हतं.

दादाचं चष्म्याचं दुकान आहे. लहानपणी आकाशात विमान दिसलं की तो मान मोडेपर्यंत बघायचा, आणि तो गटारात जाऊ नये म्हणून मी, धाकटा असून, त्याचा शर्ट धरून चालायचो. वहिनी लोकांना गाडी शिकवते. रोज नवशिक्यांच्या शेजारी बसते आणि संध्याकाळी जिवंत घरी येते.

या वेळी दादाने नीट सुरुवात केली. मित्राकडून मोटारसायकलचं जुनं इंजिन आणलं. जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. फ्रिजच्या खोक्यातून खऱ्या मापाची बसायची जागा कापून हॉलमध्ये मांडली. तिच्यात बसून तो तोंडाने इंजिनचा आवाज काढायचा. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो.

"एकच जागा?" वहिनीने विचारलं.

"इंजिन लहान आहे गं."

"मन म्हणा."

आठवड्याभरात हिशेब लागला. विमान जेवढं उचलेल त्यातून लाकूड, कापड, चाकं, पेट्रोल वजा केलं. माणसासाठी उरले साठ किलो. दादा ब्याण्णव किलोचा आहे.

त्याने हार मानली नाही. आधी रेडिओ काढला. मग बसायची गादी. मग पेट्रोल अर्धं केलं, म्हणजे विमान जाणार, पण येणार नाही.

"मग परत कसा येणार?" मी विचारलं.

"बस आहे की."

तीनपैकी एक चाक खोडायला लागला तेव्हा वहिनीने पेन्सिलच काढून घेतली. "अहो, सगळं कमी करताय, स्वतःला सोडून!"

मग त्याने रात्रीचं जेवण सोडलं. वजन तिथेच राहिलं, डोकं मात्र फिरलं. दुकानात एका गिऱ्हाइकाला म्हणाला, "दिसत नसेल तर बघू नका."

रविवारी सगळ्या खुर्च्यांवर कागद होते म्हणून वहिनी चहा घेऊन खोक्यात बसली. दादा तिच्याकडे बघत राहिला.

"तुझं वजन किती?"

लग्नाआधी त्याने तिला सगळं विचारलं होतं, हे विचारायची छाती झाली नव्हती.

"कुणाला हवंय?"

"विमानाला."

"विमानाला सांगा, चोपन्न."

दादाने खोडलेलं चाक परत रेखाटलं. गादी घातली, रेडिओ बसवला, टाकी भरली. तरी थोडं उरलं. कागदावर विमान उडालं, फिरलं आणि घरी आलं. दादाला आनंद व्हायला हवा होता. तो बराच वेळ त्या आकड्यांवरून बोट फिरवत राहिला. मला वाटलं, आता फाडतो.

"तू उडवशील?" त्याने विचारलं.

वहिनीने कप खाली ठेवला. "आणि तुम्ही?"

"मी खालून सांगेन."

"ते लग्नापासून चालूच आहे." मग तिने पाय पुढे ताणले. "पण माझे पाय पोचत नाहीयेत."

दादा गुडघ्यांवर बसला. स्वतःच्या पायांच्या मापाने चिकटवलेले पुठ्ठ्याचे पेडल त्याने ब्लेडने सोडवले आणि तिच्याकडे सरकवले.

"इथे?"

"अजून थोडं."

"इथे?"

"हं. आता जरा बाजूला व्हा. समोरचं दिसत नाहीये."

दादा बाजूला झाला.